बेवारस ओट्यांची गल्ली

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या कासारमावशीवर. कधी झाला तेही लिहून ठेवतो, कारण कचेरीत हल्ली ते कुणाला आठवत नाही. निजामी जाण्याच्या दोन वर्षं आधी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, सकाळची न्याहारी व्हायच्या आत. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून बोटाला लागत होता. बलदियाचे चार बेलदार पहारी घेऊन आले आणि तिच्या दारापुढचा ओटा त्यांनी उकलून काढला. वरची शहाबादी फरशी तीन तुकड्यांत निघाली. बांगड्यांची पेटी आत न्यायला तिला वेळ दिला होता असं कागदावर आहे. वेळ दिला होता हे खरं. उचलायला माणूस दिला नव्हता. तिच्या गुडघ्यात वात, आणि पेटी दोन माणसांची. हिरव्या बांगड्यांच्या तीन माळा तिथंच वाढल्या. कासाराच्या घरी बांगडी फुटली म्हणत नाहीत. त्या दिवशीही ती 'वाढल्या' असंच म्हणाली, आणि खाली बसून काच वेचू लागली, कारण थोड्या वेळात त्याच वाटेनं बैल पाण्यावर जाणार होते.

बलदिया म्हणजे आता जिला नगरपालिका म्हणायचं फर्मान निघालं आहे ती. फरक एवढाच पडला आहे की पाटी बदलली. पाटी रंगवणारा तोच आहे.

आमचं गाव तालुक्याचं, रुळावरचं. सेलूइतका कापूस आमच्याकडं येत नाही, म्हणून सेलूइतकी ऐट नाही. पण बलदिया होती. तिच्यात सहा मेंबर, सगळे वरून नेमलेले. तहसीलदारसाहेब तिचे सदर, म्हणजे अध्यक्ष. बैठक तहसिलीच्या पडवीत भरायची आणि पडवीला खिडकी होती, म्हणून मला हे सांगता येतं. पेशकार, म्हणजे मिसली, प्रकरणांचे कागद, साहेबांपुढं ठेवणारा कारकून, उर्दूत वाचायला सुरुवात करायचा. त्याचं वाक्य निम्म्यात आलं की सहा तोंडांतून एकदम 'मंजूर' यायचं. एक मेंबर कानानं अधू होते, ते शेजाऱ्याचे ओठ हलले की मंजूर म्हणायचे. एकदा एका कापूसवाल्यानं विचारलं होतं की काय मंजूर करायलोत आपण. पुढच्या साली तो मेंबर नव्हता.

तर रस्ता रुंद करायचं कसं ठरलं ते ऐका. यात कुणाला शास्त्र दिसलं तर मला कळवा.

जिल्ह्याचे बडे साहेब एकदा परभणीहून मोटारीतून आले आणि आमच्या गल्लीत शिरले. शिरायचं कारण नव्हतं, स्टेशनाकडून सरळ सडक आहे. पण ड्रायव्हर नवा होता आणि वाट सांगणारा आमच्या गल्लीतला होता. मोटार दोन ओट्यांच्या मध्ये अडकली. अडकली म्हणजे पुढं जाईना, मागं येईना, आणि दार उघडेना, कारण दोन्ही बाजूंनी ओटे. साहेब आत. बाहेर सगळी गल्ली. बायका दारांतून बघायलेल्या, एक कोंबडी मोटारीच्या बॉनेटवर चढलेली. शेवटी साहेबांना मागच्या काचेतून काढलं असं काही लोक सांगतात. मी तेवढं पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच की दहा-बारा जणांनी मोटार मागं ढकलली आणि साहेब त्या वेळी आतच, समोर नजर लावून, फोटो काढून घेत असल्यासारखे बसले होते.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. गल्ली कुशादा करा, म्हणजे रुंद करा. किती रुंद, ते हुकुमात नव्हतं. ते ठरवायला बलदियाचा ओव्हरसियर होता. नकाशे काढणं, बांधकामाला इजाजत देणं, कुणाचं छप्पर किती पुढं यावं ते सांगणं, हे सगळं त्याच्या हाती. त्यानं अक्कल लढवली ती अशी: मोटार उभी, तिची दोन्ही दारं पुरती उघडी, आणि प्रत्येक दाराशी एक चपराशी सलाम करत उभा. एवढी जागा पाहिजे. सलाम करताना कोपर बाहेर येतं, तेही त्यानं धरलं होतं. आमच्या गावाची रुंदी एका चपराश्याच्या कोपरावर ठरली. मी हे थट्टेनं लिहीत नाही, त्याचं टिपण मी वाचलं आहे.

मग तो जरीब, म्हणजे मोजायची साखळी, घेऊन मोजणीला येणार म्हणून दवंडी झाली, आणि इथून पुढं आमचा गाढवपणा सुरू होतो.

त्याच्या आदल्या साली असंच कुणीतरी येऊन घरं लिहून नेली होती. कुणाचा ओटा ऐसपैस आहे, कुणाच्या ओट्याला छप्पर आहे. लोकांनी अभिमानानं सांगितलं. महिन्याभरात दौरा आला आणि दौऱ्यातले शिपाई, चपराशी, घोडेवाले, त्यांचे मेहुणे, सगळे त्या यादीप्रमाणे ओट्याओट्यावर उतरले. आठ दिवस. कोंबडी द्या, तूप द्या, बाज द्या, घोड्याला कडबा द्या. वेठ म्हणजे वेठ, कुणाला बोलायची सोय नाही. आमच्या गल्लीचा वाणीआप्पा गळ्यात लिंग बांधणारा, कांदासुद्धा न खाणारा माणूस. त्याच्या ओट्यावर आठ दिवस कोंबडी शिजली. तो तितके दिवस नाक धरून मागच्या दारानं दुकानात जायचा.

मी तेव्हा नुकता चळवळीत पडलो होतो. वय एकोणीस, उर्दू चांगलं, अक्षर त्याहून चांगलं, आणि मत प्रत्येक गोष्टीवर. पत्रकं लिहायचो. छापखाना कुठला, कार्बन घालून एका वेळी चार प्रती, पाचवी वाचता येत नसे ती मी स्वतःसाठी ठेवायचो. मोजणीची दवंडी ऐकली, तीत कारण नव्हतं, मला वाटलं पुन्हा दौऱ्याचीच यादी, आणि मी बसल्या बैठकीत पत्रक काढलं. त्यात जुलमी राजवट आली, शोषण आलं, जागा व्हा आलं, आणि शेवटी कामाचं एक वाक्य: ओटा कुणाचा म्हणून विचारतील, तर माझा नाही म्हणा.

इतकं यशस्वी पत्रक मी पुन्हा लिहिलं नाही. मोर्चाला चला म्हणून सांगितलं तर तिघे येतात. खोटं बोला म्हणून सांगितलं तर सगळी गल्ली आली.

ओव्हरसियर हॉटेलच्या बाकावर बसला, चपराशी साखळी ओढत दारोदार फिरला आणि प्रत्येक दारात तोच सवाल: ओटा किसका? जो तो हात वर करायचा. शिंपी आपल्या ओट्यावर मशीन मांडून शिवत होता, त्यानं सांगितलं की हा ओटा मी आलो तेव्हापासून इथं पडून आहे. सोनार म्हणाला, वडिलांना विचारा, आणि वडील वारलेले. वाणीआप्पा तर ओट्यावर मांडी घालून शेंगदाणे निवडत बसला होता. त्याच्या शब्दावर चपराश्याचा विश्वास बसेना. तेव्हा आप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि ओटा माझा नाही म्हणून सांगितलं. वर एवढंही सांगितलं की दमलो म्हणून टेकलोय, आता उठतोच.

कासारमावशी त्या दिवशी गावात नव्हती. पिंगळीला जत्रा होती, ती सकाळच्या गाडीनं बांगड्यांच्या माळा घेऊन गेली होती. तिच्या दाराला कडी. चपराश्यानं विचारलं, इसका कौन? मी तिथंच उभा होतो, आपलं पत्रक कसं चालतंय ते बघत. मी पुढं झालो आणि म्हणालो, ये ओटा किसीका नहीं. त्यानं कागद पुढं केला. शेजाऱ्याचा जबाब म्हणून मी खाली सही केली. उर्दूत, वळणदार. गल्लीत इतर सगळ्यांनी अंगठे दिले होते, माझी एकट्याची सही होती, आणि मला तिचं कौतुक वाटलं होतं.

बाईनं जे सांगितलं नाही ते मी तिच्या वतीनं सांगितलं. तिला विचारलं नाही, आल्यावर कळवलंही नाही. कळवण्यासारखं काही केलं असं मला वाटलंच नाही.

ओव्हरसियरनं रजिस्टरात प्रत्येक ओट्यापुढं एकच शब्द लिहिला, लावारिस. आणि लावारिस वस्तू सरकारची. तिच्यासाठी नोटीस नको, भरपाई नको, मालकाची समजूत नको. रस्ता रुंद करताना या लोकांचा जन्म जातो तो मालकांशी भांडण्यात, आणि आमच्या गल्लीत एकही मालक निघाला नाही. असा सुखाचा नकाशा त्याच्या नोकरीत त्यानं काढला नसेल. त्यानं पट्टी ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन सरळ लाल रेघा ओढल्या. आत जे आलं ते गेलं.

हरकतीसाठी मुदतीचा इश्तिहार लावला होता, नाही असं नाही. तो कचेरीच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवला होता. कचेरी उघडली की दार भिंतीला टेकायचं आणि इश्तिहार भिंतीला वाचून दाखवला जायचा. मला तो दिसला तो वाऱ्यानं दार लोटलं गेलं तेव्हा, मुदत संपून गेल्यावर.

सगळ्यांचेच ओटे गेले. मग मावशीचंच गाऱ्हाणं का, असं मला आमच्या चळवळीतल्या शहाण्यांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर असं. आप्पानं पोती आत सरकवली. शिंप्यानं दाराला बिजागरीची फळी बसवली, दिवसा खाली, रात्री वर. सोनाराला ओटा नसलेला बरा, चोराला टेकायला जागा नाही. मावशीचा धंदा मात्र ओट्यावरच होता. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून बाया यायच्या. परक्या घरात शिरायची त्यांना चोरी, आणि भर रस्त्यात उभं राहून हात पुढं करायची त्याहून चोरी. ओटा ना घरात, ना रस्त्यात. तिथं बाई बसलेली चालायची. खालच्या पायरीवर बाई, वर मावशी, बाईचा हात मावशीच्या मांडीवर. मग मावशी त्या हाताची बोटं चेपत, सांधा मऊ करत, सासूपासून बाळंतपणापर्यंत सगळं काढून घ्यायची आणि बांगडी कधी चढली ते त्या बाईला कळायचंही नाही. त्या गावात बाईमाणसाला बसायला तेवढी एकच जागा होती. हे कुठल्या नकाशात येत नाही, कारण नकाशा काढणाऱ्यांत बांगड्या कुणी भरत नाही.

आणि तिच्या दारापुढं गल्ली मुळातच रुंद आहे. तिथं विहीर आहे, मारुतीचं देऊळ आहे, वळण आहे. मी नंतर दोरी धरून मोजलं. तिचा ओटा जसा होता तसा ठेवला असता तरी मोटार, दोन दारं, दोन चपराशी आणि त्यांची कोपरं जाऊन वर हातभर जागा उरत होती. पण पट्टीला वळण घेता येत नाही. आणि ती मोटार त्यानंतर आमच्या गल्लीत आजतागायत आली नाही.

करीच्या दिवशी संध्याकाळी तिनं मला बोलावलं. ती उंबऱ्यावर बसून राहिलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती.

"इचारायला आले तवा माज्या दारात कोन होतं?"

"मी होतो."

"मग काय सांगितलास?"

"ओटा कुणाचाच न्हाई म्हणून."

तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "कुणाचाच न्हाई. मंजी मी कोन रं? तुज्या आईचा चुडा मी भरलाय, त्याच ओट्यावर. तवा बी कुणाचाच नव्हता का?"

मी पत्रकातलं काहीतरी बोलायला लागलो. वेठ, दौरा, जुलूम.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुज्या कागदाला लय अक्कल असती म्हनतेत लोक. एक कागद आता माज्यासाटी लिही."

तो कागद मी लिहिला. ओटा माझा होता, तो पुन्हा बांधायची इजाजत द्यावी, असा अर्ज. त्यात एकही मोठा शब्द नव्हता, म्हणून लिहायला तीन दिवस लागले. पेशकारानं तो हातातसुद्धा घेतला नाही. मुदत गेली, म्हणाला. आणि ओटा तुझ्या मावशीचा होता याला पुरावा काय? मी म्हणालो, प्लेगाच्या साली घरांचा जुना नकाशा झाला होता, त्यात प्रत्येक ओटा मालकासकट दाखवला आहे, तो काढा. तो म्हणाला, दफ्तरात आहे, सापडला की सांगतो. हा पेशकार काही हैदराबादेहून आलेला नव्हता. आपल्याच बोलीत बोलणारा, चतुर्थी धरणारा, आपलाच माणूस. जुलूम फक्त परका करतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी त्याच्यापुढं एक महिना उभं राहून बघावं. मी दोन महिने राहिलो. रोज नकाशा शोधणं चालू होतं. मी गेलो की तो उठून कपाटात डोकं घालायचा आणि थोडा वेळ तिथंच ठेवायचा.

नकाशा सापडला तो मावशीला.

पेशकाराच्या सुनेच्या पोराचं बारसं होतं. बारशाला कासारीण लागते, सुनांना, लेकींना बांगड्या भरायला. अन्याय करणाऱ्याच्या घरीही कासारीण पुढच्या दारानं जाते, हे आम्हा पत्रकवाल्यांना कधी जमलं नाही. ती परत आली ती थेट माझ्याकडं. म्हणाली, त्या पोराच्या अंगात कुंची हाय, लय तलम, असलं कापड परभणीच्या पेठेत न्हाई. तिनं सुनेला विचारलं, कुठून आणलं गं? सून भोळी, कौतुकानं म्हणाली, मामंजी कचेरीतून आणतात. गरम पाण्यात टाकलं की खळ निघून जाते, मग बघा कसं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठे नकाशे कागदावर काढत नाहीत, खळ दिलेल्या झिरझिरीत कापडावर काढतात. खळ धुतली की उत्तम सुती कापड राहतं. पेशकाराच्या घरात त्याचे रुमाल होते, देवाचं वस्त्र होतं, पापडांवर झाकायला होतं. निम्मा तालुका त्यांनी धुऊन वापरायला काढला होता.

"पर शाई समदी गेली न्हाई," मावशी म्हणाली. "पोराच्या पाठीवर हिरीचा गोल हाय. गोलाच्या बाजूला मारुतीचं चौकोनी देऊळ. आन् देवळाच्या खाली, दात पुढं आल्यावानी, माजा ओटा."

तिला अक्षर येत नव्हतं. पण आपला ओटा तिला बाळाच्या पाठीवर ओळखू आला, आणि मला तो दारात उभा असताना दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. पेशकार कपाटाकडं निघाला, तेव्हा मी म्हणालो की तिथं बघू नका, आमची गल्ली तुमच्या नातवाच्या पाठीवर आहे. तो थांबला. दाराकडं बघितलं, चपराश्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "बारा दिसांचं लेकरू हाय. त्याच्या अंगावरचं काढून आनू का आता?"

"नका आणू. अर्ज घ्या."

अर्ज घेतला. शिक्का मुदतीच्या आतला पडला, तो कसा ते त्याला ठाऊक. जुन्या नकाशापुढं त्यानं शेरा मारला: वाळवीनं खाल्ला. आमच्या तालुक्यातल्या वाळवीला नातवंडं आहेत हे तेव्हा मला कळलं. कुंची घेऊन मी साहेबापुढं गेलो नाही याबद्दल मला पुढं पुष्कळांनी नावं ठेवली. पण मावशीनं बजावलं होतं की लेकराचं नाव साहेबापुढं घ्यायचं न्हाई. मी तिच्या वतीनं एकदा न विचारता बोललो होतो. दुसऱ्यांदा नाही.

सुनावणी झाली. तहसीलदारसाहेब हैदराबादचे, मृदू बोलणारे, तोंडात पान. त्यांनी मिसल उघडली, अर्ज वाचला, मग रजिस्टर मागवलं. पानावर बोट ठेवून त्यांनी ते माझ्याकडं वळवलं.

"ये दस्तखत किसके?"

"मेरे."

"तो झूठ उस दिन बोले, या आज बोल रहे हो?"

"उस दिन."

पेशकाराची लेखणी थांबली. त्या खोलीत तोवर पुष्कळ खोटं बोललं गेलं असेल, पण कबूल करणारा बहुधा पहिलाच. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, मी पुष्कळ तालुके पाहिले, पण जिथं कुणाचंच काही नाही अशी गल्ली पाहिली नाही. मग सरळ बोलले: एका खोटारड्याच्या सहीनं झालेलं त्याच खोटारड्याच्या सहीनं मोडता येत नाही. या बाईचा म्हणून त्या ओट्यावर जे बसले असतील असे पाच साक्षीदार आणा. मर्द आणा, औरत आणा, मला सारखंच. इजाजत देतो.

हा माणूस निजामाचा नोकर होता आणि या सगळ्या प्रकरणात एकटा तोच सरळ बोलला. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं.

मी आधी आप्पाकडं गेलो. आप्पा म्हणाला, "मी लिंगाला हात लावून सांगितलंय बाबा. आता कोनतं तोंड घिऊन जाऊ?" मी म्हणालो की तुम्ही तुमच्या ओट्याचं सांगितलंत, तिच्या ओट्याचं नाही. तो विचारात पडला. त्याला ते पटलं असावं. मग म्हणाला, "पर तिच्या ओट्यावर मी कवा बसलो? तिथं बाया बसायच्या." हेही खरं होतं. गल्लीतला एकही पुरुष तिथं कधी बसला नव्हता. बसायच्या त्या बाया, आणि बायांना विचारायचं म्हणजे आधी त्यांच्या नवऱ्यांना विचारायचं. शिंपी म्हणाला, आमच्या घरातली बाई कचेरीची पायरी चढणार न्हाई. सोनार म्हणाला, तिला काय कळतंय. एकानं मला सांगितलं की चळवळ करायची तर गडीमाणसासारखी कर, बांगड्यांत काय शिरायलास. मी पाच साक्षीदार जमवू शकलो नाही. पत्रक काढून सगळ्या गल्लीला खोटं बोलायला लावणारा मी, पाच बायांना खरं बोलायला नेऊ शकलो नाही.

पुढं निजामाविरुद्धच्या लढ्याची धामधूम सुरू झाली. वर्षभर मी गावात नव्हतो, त्याची कहाणी वेगळी. परत आलो तेव्हा निजामी गेली होती. झेंडा बदलला होता, साहेब बदलले होते. पेशकार तोच होता, त्यानं टोपी बदलली होती. ओव्हरसियर तोच होता, त्याला तेही करावं लागलं नाही, तो बोडकाच होता.

मावशी आता टोपलीत बांगड्या घेऊन दारोदार जाते. दोन घरं झाली की तिसऱ्या घराच्या भिंतीला टेकून उभी राहते. माळेतली निम्मी तशीच परत येते. मागच्या बाजारी ती विहिरीपाशी बसून होती आणि दोन खेडवळ बाया तिच्यासमोर उभ्या होत्या, पदर तोंडावर ओढून, बसायचं कुठं ते न कळून. तशाच गेल्या. टोपली आता उचलवत नाही असं तिनं मला सांगितलं. हा पोळा धंद्यात जाईल, पुढचा जाईल असं तिला वाटत नाही.

आणि नव्या कमिटीपुढं नवा नकाशा आला आहे. मी पाहिला. तिच्या दारापुढं, नेमका त्याच जागी, एक चौकोन आहे. मला क्षणभर वाटलं की कुणाला तरी अक्कल आली. ओव्हरसियरनं सांगितलं की तो झेंड्याचा चौथरा आहे. ठराव आमच्याच मंडळींनी मांडला. ज्यांच्याबरोबर मी काठ्या खाल्ल्या त्यांनी. मी त्यांना विचारलं की मोटारीला अडतो म्हणून बाईचा ओटा काढला, मग झेंड्याचा कसा अडत नाही? ते म्हणाले, हा राष्ट्राचा प्रश्न आहे. वर्षातून दोनदा चढणाऱ्या झेंड्याला बसायला जागा आहे. दर बाजारी येणाऱ्या बायांना नाही. आमची माणसं खुर्चीत बसली आणि पट्टी तशीच सरळ चालली.

पण मिसल जिवंत आहे. नवे तहसीलदार मराठी आहेत, त्यांनी ती वाचली, आणि जुन्या साहेबाचा हुकूम तसाच ठेवला: पाच साक्षीदार. सुनावणी येत्या सोमवारी. त्या दिवशी साक्ष पडली नाही तर अर्ज निकाली निघेल आणि चौथऱ्याचं काम लागेल.

म्हणून हे लिहिलं, आणि मागणी आहे ती तुमच्याकडं. तुम्ही या गावचे असा, नाहीतर बाजाराला येणाऱ्या कुठल्याही खेड्याचे. तुमच्या घरात अशी एक तरी बाई आहे जिचा हात त्या ओट्यावर मावशीच्या मांडीवर होता. आई असेल, बायको असेल, वहिनी असेल. तिला काय कळतंय असं म्हणू नका, ओटा कुणाचा होता ते तिलाच ठाऊक आहे. तुम्ही मागं माझ्या सांगण्यावरून अंगठा दिलात, तो माझ्या माथी मारा, मी साहेबापुढं पुन्हा सांगतो की ते खोटं मी शिकवलं. पण सोमवारी दहाच्या आत त्या बाईला घेऊन तहसिलीत या. गाडी जुंपा, लेकरू सांभाळा, चूल एक दिवस राहू द्या. पाच बाया पाहिजेत. त्यांना आत पाठवा, तुम्ही पायरीशी उभे राहा, आणि त्या बोलत असताना मधे तोंड घालू नका.